मास्तरांची गाठ

(आकाशवाणीवरून केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवरून पुष्कळ गोष्टी सांगता येतात. आमटीची कृती सांगता येते, उसावरच्या किडीचा बंदोबस्त सांगता येतो, एखादा रागसुद्धा समजावून देता येतो. पण गाठ कशी मारायची, हे काही रेडिओवरून सांगता येत नाही. ती दाखवावी लागते. नुसती दाखवूनही भागत नाही, शिकणाऱ्याचे हात धरून ती मारून घ्यावी लागते. आणि मी तर आज टायच्या गाठीविषयी बोलायला बसलो आहे. 'कवी माणूस, गळ्यात कधी टाय नाही, हा विषय कुठून काढलात?' असं मला विचारलं गेलं. त्याचं उत्तर देण्यासाठीच हे भाषण.

ज्या घरात मी वाढलो त्या घरात टाय होता, पण टाय बांधता येणारं कुणीच नव्हतं.

सांगली जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. अब्बा तिथल्या बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराईत निळा कोट, पांढरी पँट आणि गळ्यात तांबडा साटीनचा टाय. बाकीच्या वादकांचे टाय इलॅस्टिकचे, शाळेतल्या पोरांचे असतात तसे. अब्बांचा टाय मात्र खरा होता, म्हणजे गाठ मारलेला. ती गाठ बँडच्या मास्तरांनी मारून दिली होती. मास्तर पूर्वी पलटणीच्या बँडमध्ये होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर गावी आले आणि त्यांनी ही बँडपार्टी उभी केली. मुख्य क्लॅरिनेट वाजवणाऱ्याच्या गळ्यात हुकाचा टाय शोभत नाही, असं म्हणून त्यांनी स्वतःचा टाय अब्बांना दिला आणि स्वतःच्या हातानं बांधला.

वाजवून आले की अब्बा गाठ थोडी खाली ओढायचे, टाय डोक्यावरून काढायचे आणि खिळ्याला अडकवायचे. पुढच्या लग्नाला तसाच डोक्यातून गळ्यात. गाठ कधी सुटलीच नाही. १९८४ मध्ये मास्तर गेले, तरी त्यांची गाठ आमच्या भिंतीवर होतीच. लहानपणी मी तिला हात लावला की अब्बा म्हणायचे, "गाठ नक्को खोल, मास्तरच्या हाताची है."

१९९१ मध्ये, बी.ए. होऊन वर्ष झालं तेव्हा, मला पुण्याहून एका औषध कंपनीचं मुलाखतीचं पत्र आलं. टाय घालून यावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. घरात टाय आहे म्हणून मी निर्धास्त होतो. जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी तो खिळ्यावरून काढला. वर्षानुवर्षांच्या घामानं आणि धुळीनं तो मळला होता. धुवावा, इस्त्री करावी आणि पुन्हा बांधावा, असं मनात आलं. खरं सांगायचं तर आणखी एक चोरटा विचारही होता. मुलाखत घेणाऱ्यांना हा बँडवाल्याचा टाय आहे हे कळू नये. आमच्याकडच्या वरातीत टाय दोघांच्याच गळ्यात असतो, एक नवरदेवाच्या आणि दुसरा बँडवाल्याच्या. नवरदेवाला लोक पाटावर बसवतात. बँडवाले मांडवाच्या मागं, सगळ्यांचं झाल्यावर जेवतात. हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो.

मी गाठ सोडली. बाहेरून टायचा रंग उडून विटकरी झाला होता, पण गाठीच्या आतला भाग उलगडला तेव्हा तिथं नवा, लखलखीत तांबडा रंग निघाला. क्षणभर बरं वाटलं. धुतला, सुकवला, इस्त्री केली आणि आरशापुढं उभा राहिलो. मग कळलं की आपण काय करून बसलो. ती गाठ पुन्हा येईना. संध्याकाळपर्यंत मी तऱ्हेतऱ्हेच्या गाठी मारल्या. नाडीची मारली, गोणीची मारली, गाईच्या दाव्याची मारली. टायची काही जमली नाही.

रात्री अब्बा आले. रिकाम्या खिळ्याकडं त्यांनी पाहिलं, मग माझ्या हातातल्या त्या लांब पट्टीकडं. काही बोलले नाहीत. पट्टी घेतली, गळ्याभोवती टाकली आणि बांधायला लागले. क्लॅरिनेटच्या कळांवर अंधारातही न चुकणारी ती बोटं दोन वेढ्यांनंतर थांबली. तीन-चारदा त्यांनी प्रयत्न केला. मग टायची नीट घडी घालून माझ्या हातात दिली आणि "जेव आता," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात एक औषध कंपनीचे प्रतिनिधी चहा पीत बसलेले दिसले. गळ्यात टाय. धीर करून मी म्हणालो, "साहेब, एवढा टाय बांधून देता का?" ते हसले. "बांधून देतो, पण शिकूनच घ्या ना. पुण्यात कोण बांधून देणार?" समोर उभं राहून ते दाखवायला लागले आणि लगेच अडले. समोरून त्यांचं डावं ते माझं उजवं व्हायचं. शेवटी शेजारच्या सलूनच्या आरशापुढं त्यांनी मला उभं केलं, स्वतः माझ्या मागं आले, खांद्यावरून दोन्ही हात पुढं घेतले आणि जणू स्वतःलाच टाय बांधतोय तसा माझ्या गळ्यात बांधायला लागले. "रुंद टोक उजव्या हाताला, अरुंदापेक्षा चांगलं हातभर लांब. आता रुंद टोक अरुंदावरून डावीकडं. मागून उजवीकडं. परत वरून डावीकडं. आता गळ्यापाशी खालून वर काढा. आणि हा जो पुढं पट्टा तयार झालाय, त्यातून खाली. ओढा. झालं!" मग त्यांनी ती गाठ सोडली आणि म्हणाले, "आता तुम्ही." चौथ्या खेपेला मला ती जमली. न्हावी, त्याचं गिऱ्हाईक आणि साहेब, तिघांनीही मान डोलावली.

ती नोकरी मला मिळाली नाही. त्यात गाठीचा दोष नव्हता. माझं इंग्रजी कच्चं होतं. पुढं मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चिकटलो आणि पुस्तकांच्या संगतीत तिथंच राहिलो. त्या ग्रंथालयात सवड मिळेल तेव्हा मी या गाठीचा माग काढत गेलो.

मान झाकायला कापड गुंडाळणं ही फार जुनी गोष्ट आहे. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ मातीच्या सैनिकांची अख्खी फौज १९७४ मध्ये सापडली, तिला बावीसशे वर्षं झाली. त्यातल्या सैनिकांच्या मानेभोवती कापड आहे. रोममध्ये सम्राट ट्राजानचा विजयस्तंभ इसवी सन ११३ मध्ये उभा राहिला, त्यावर कोरलेल्या शिपायांच्या गळ्यातही रुमाल आहेत. हा सगळा थंडी, धूळ, घाम आणि चिलखताचा काच यांवरचा उपाय होता. आपला शेतकरी उन्हात मानेला टॉवेल गुंडाळतो, तोच प्रकार.

आजच्या टायची वंशावळ मात्र सतराव्या शतकात सुरू होते. १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षं युरोप युद्धात होरपळत होता. त्या काळात क्रोएशियाचे भाडोत्री घोडेस्वार फ्रान्सच्या चाकरीत होते. त्यांच्या गळ्यात गाठ मारलेले रुमाल असत. फ्रेंचांना ते आवडले. क्रोएट माणसाला फ्रेंचमध्ये 'क्रावात' म्हणत, तेच नाव त्या रुमालालाही पडलं. चौदाव्या लुईच्या दरबारात क्रावातला असा मान मिळाला की राजाच्या गळवस्त्रांची निगा राखायला वेगळा माणूस असे. पोटासाठी परमुलखात लढणाऱ्या शिपायाचा रुमाल असा राजाच्या गळ्यात जाऊन बसला. क्रोएशियाला याचा आजही अभिमान आहे. २००३ मध्ये तिथल्या पुला शहरातल्या प्राचीन रोमन रंगमंडलाला भोवतीनं आठशे मीटरहून लांब तांबडा टाय बांधण्यात आला होता.

शिपायांनी गाठीला दुसरंही वळण दिलं. ३ ऑगस्ट १६९२ रोजी स्टीनकर्क इथं फ्रेंच छावणीवर अचानक हल्ला झाला. अधिकाऱ्यांना क्रावात नीट बांधायला वेळ मिळाला नाही, म्हणून त्यांनी टोकं पिळली आणि कोटाच्या काजात खोचली, असं सांगतात. लढाई फ्रेंचांनी जिंकली. मग ती घाईची पिळलेली गाठ हीच फॅशन झाली. ज्यांनी लढाई पाहिलीही नव्हती ते लोक पॅरिसमध्ये आरशापुढं निवांत उभे राहून घाईघाईचा देखावा करू लागले.

पुढं लंडनमध्ये ब्यू ब्रमेल नावाचा एक गृहस्थ झाला. जन्म १७७८. घराणं मोठं नाही, हुद्दा नाही, पण युवराजासारखे लोक त्याचे कपडे पाहायला सकाळी त्याच्या घरी जाऊन बसत. हलकीशी खळ दिलेलं पांढरंशुभ्र गळवस्त्र तो बांधायचा. पहिल्याच फटक्यात घडी नीट बसली नाही तर ते टाकून दुसरं घ्यायचा. त्याच्या नोकराच्या हातात चुरगळलेल्या गळवस्त्रांचा ढीग असे आणि कुणी विचारलं तर ही आमची फसलेली आहेत असं तो सांगे, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. पण गाठ नीट बसली म्हणून नशीब नीट बसतंच असं नाही. युवराजाशी बिनसलं, कर्ज झालं, १८१६ मध्ये ब्रमेल रातोरात फ्रान्सला पळाला आणि १८४० मध्ये कां या गावी वेड्यांच्या इस्पितळात दरिद्री अवस्थेत वारला.

त्याच्या काळात गाठ ही अभ्यासाची गोष्ट झाली. १८१८ मध्ये लंडनमध्ये 'नेकक्लॉथिटानिया' नावाची एक गमतीची पुस्तिका निघाली. त्यात निरनिराळ्या गाठींची चित्रं आणि चालू फॅशनची टिंगल होती. १८२७ मध्ये पॅरिसला क्रावात बांधण्याच्या कलेवर सोळा धड्यांचं पुस्तक आलं. लेखकाचं टोपणनाव होतं 'बॅरन द लांपेझे', म्हणजे 'खळवाले सरदार'. ते छापलं होतं पुढं मोठा कादंबरीकार झालेल्या बाल्झाकच्या छापखान्यात. पुढच्याच वर्षी ते इंग्रजीत आलं. गाठ बांधायला सोळा धडे लागायचे, कारण हाताशी नोकर, आरसा आणि सकाळचे दोन तास असलेल्या लोकांसाठीच ती गाठ होती.

नंतर गिरण्या आल्या, कचेऱ्या आल्या, आगगाडीचं वेळापत्रक आलं. नऊच्या गाडीनं कामावर जाणाऱ्या कारकुनाला दिवसभर टिकेल अशी, एका मिनिटात बांधून होणारी गाठ हवी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लांब, अरुंद टाय आणि त्याची साधी गाठ रूढ झाली. तिचं नाव 'फोर-इन-हँड', हे चार घोड्यांच्या बग्गीचंही नाव. मला सलूनमध्ये शिकवली गेली ती हीच गाठ. पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून मी चारही वेढे मोजले आणि जुना माणूस भेटल्यासारखं वाटलं. तिची खूण अशी की ती किंचित एका बाजूला कललेली असते.

त्यानंतरची मोठी सुधारणा कापडाची. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ नावाच्या कारागिरानं टायचं कापड तिरकं, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांना पंचेचाळीस अंशात कापायला सुरुवात केली आणि टाय तीन तुकड्यांत शिवला. कपडे शिवणाऱ्या मंडळींना हे लगेच कळेल. तिरकं कापड ताणलं तरी परत जागेवर येतं. त्यामुळं टाय पिळवटत नाही, सरळ लोंबतो आणि गाठ सोडली की सुरकुत्या निघून जातात. टाय हा रोज बांधायचा आणि रोज सोडायचा, हे त्या शिवणीतच धरलेलं आहे. अब्बांच्या टायला ही सोडवणूक कधी मिळालीच नाही.

आपल्या भाषेत गाठींची नावं काय सुंदर आहेत! ओढली की आवळत जाते आणि सुटता सुटत नाही ती निरगाठ. एक टोक ओढलं की मोकळी होते ती सुरगाठ. टायची गाठ ही सुरगाठ. टायलाच आपल्याकडं कुणीतरी थट्टेनं 'कंठलंगोट' असा शब्द काढला. पण थट्टा करण्याआधी हा कंठलंगोट आपल्या दोन थोर माणसांनी कसा बांधला, ते पाहायला हवं.

१८८८ मध्ये एकोणीस वर्षांचा मोहनदास गांधी नावाचा मुलगा बॅरिस्टर व्हायला लंडनला पोचला. आत्मचरित्रात त्यांनी प्रांजळपणे लिहिलंय की तयार टाय घालणं बरं दिसत नव्हतं, म्हणून ते स्वतः टाय बांधायला शिकले. घरी आरसा पाहायला मिळायचा तो न्हावी यायचा त्या दिवशी. लंडनमध्ये ते रोज मोठ्या आरशापुढं टाय आणि भांग नीट करण्यात दहा मिनिटं घालवत. हे वाचलं तेव्हा मला आमच्या स्टँडसमोरचं सलून आठवलं. आमचाही आरसा न्हाव्याचाच होता.

दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडनला. तेही बॅरिस्टर झाले. गांधीजींनी टाय शिकून घेतला आणि नंतर सोडला. १९२१ मध्ये मदुराईला त्यांनी पंचा नेसायला सुरुवात केली. बाबासाहेबांनी सूट आणि टाय जन्मभर मानानं वापरला. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत हे दोघंही लंडनमध्ये हजर होते, एक पंचा आणि शालीत, एक सूट-टायमध्ये.

तरुणपणी मला वाटायचं की यातलं एक बरोबर आणि एक चूक असणार. आता तसं वाटत नाही. ज्याच्याकडं टाय होता त्याला तो सोडता आला, आणि त्या सोडण्याला अर्थ आला. पण ज्या समाजाला चांगलं कापड अंगाला लावायलाच हजारो वर्षं मज्जाव होता, त्यानं काय सोडायचं? अंगावर काय घालायचं आणि कसं नेसायचं हेसुद्धा जिथं जातीनं ठरवून दिलं होतं, तिथं नीट बांधलेला टाय हा नुसता पोशाख राहत नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितलं की जातीची खूण दाखवणारी लुगडं नेसायची पद्धत सोडा, स्वच्छ राहा, अंगभर नीट नेसा. गावोगावच्या पुतळ्यांत निळा सूट आणि टाय दिसतो तो त्यामुळंच. पुतळा घडवणारे कारागीर टायची गाठसुद्धा मन लावून घडवतात.

मग मला मास्तरांचं वागणं कळलं. मांडवामागं शेवटी जेवणाऱ्या माणसाच्या गळ्यात हुकाचा टाय नको, खरी गाठ हवी, असा आग्रह त्यांनी का धरला असेल? वरातीत लोक बँडवाल्याचं तोंडसुद्धा पाहत नाहीत, मग गाठ कोण पाहणार? पण मास्तर पाहत होते. आणि मी ती गाठ धुऊन टाकायला निघालो होतो.

१९९१ च्या त्या मुलाखतीहून आल्यावर मी टाय सलूनमध्ये शिकलेल्या गाठीनं बांधला आणि खिळ्याला लावला. पुढच्या लग्नाला अब्बांनी तो गळ्यात घातला, आरशात पाहिलं आणि म्हणाले, "चांगली आहे." दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "मास्तरची दोन्ही बाजूंनी सारखी असायची." तक्रार नव्हती ती. पण माझ्या मनात ते वाक्य खिळ्यासारखं राहिलं.

पुढं वयानं आणि दम्यानं अब्बांचं वाजवणं सुटलं. १९९९ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतल्या थॉमस फिंक आणि योंग माओ या दोन शास्त्रज्ञांनी टायच्या गाठींचं गणित मांडलं. रुंद टोक डावीकडं, उजवीकडं किंवा मध्ये जाणार; वरून किंवा खालून जाणार; आणि नऊ वेढ्यांपलीकडं टायची लांबी पुरणार नाही. एवढ्या नियमांवर त्यांनी हिशेब केला, तेव्हा एकूण ८५ गाठी निघाल्या. त्यातल्या जेमतेम चार लोकांत रुळलेल्या होत्या. २०१५ मध्ये दुसऱ्या गणितज्ञांनी नियम थोडे सैल करून हीच संख्या २,६६,६८२ वर नेली. एवढ्या गाठी शक्य असताना मला हवी होती एकच.

ग्रंथालयात येणाऱ्या एका इंग्रजी दैनिकात या ८५ गाठींची बातमी आली आणि सोबत त्या चार रुळलेल्या गाठींची चित्रं. फोर-इन-हँड मला ओळखू आली. एक प्रॅट नावाची होती, तिच्यात टाय उलटा, शिवण बाहेर ठेवून सुरू करायचा. तिसरी अर्धी विंडसर. चौथं चित्र पाहिलं आणि मी खुर्चीतून उठलो. रुंद, त्रिकोणी, दोन्ही बाजूंनी सारखी. हीच मास्तरांची. तिचं नाव विंडसर.

विंडसर म्हणजे इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड. १९३६ च्या डिसेंबरात त्यानं राज्य सोडलं आणि तो ड्यूक ऑफ विंडसर झाला. त्याच्या टायची गाठ जाडजूड दिसे. तशी दिसावी म्हणून लोकांनी जास्त वेढ्यांची गाठ काढली आणि तिला त्याचं नाव दिलं. गंमत अशी की ड्यूकनं स्वतःच पुढं लिहून ठेवलं की ही गाठ आपण कधी मारत नव्हतो. आपले टायच जाड अस्तराचे असत आणि गाठ नेहमीची साधी असे. म्हणजे राजाच्या नावाची गाठ राजाच्या गळ्यात नव्हती. ती आमच्या अब्बांच्या गळ्यात होती! पलटणीत शिकलेल्या मास्तरांनी ती तिथं बांधली होती. क्रोएट शिपायांनी गळ्यातला रुमाल पॅरिसला नेला, आमच्या गावात ही गाठ एका फौजी वादकाच्या बोटांतून आली.

विंडसरमध्ये रुंद टोक मानेच्या वेढ्यावरून दोन्ही बाजूंना एकेकदा फिरवून आणावं लागतं. अर्ध्या विंडसरमध्ये एकाच बाजूला. म्हणून पुरी विंडसर दोन्हीकडं सारखी भरते. चित्र पाहून ती शिकायला मला तीन रात्री लागल्या. मागं उभं राहून हात धरणारं कुणी नव्हतं. चौथ्या दिवशी मी टाय घेऊन अब्बांच्या खाटेपाशी गेलो. ते उठून बसले. मी त्यांच्या मागं बसलो, खांद्यावरून हात पुढं घेतले आणि त्यांच्या गळ्यात टाय बांधला. लहानपणानंतर अब्बांच्या इतक्या जवळ मी कधी बसलो नव्हतो. त्यांचा धाप लागलेला श्वास माझ्या मनगटाला लागत होता. अम्मीनं आरसा धरला. अब्बांनी आरशात पाहण्याआधी गाठीला बोटं लावली. एक बाजू चाचपली, मग दुसरी. "हीच," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "मास्तर दाखवतो म्हणत होते. मीच म्हणालो, तुम्ही आहात ना बांधायला."

हे मला ठाऊक नव्हतं.

अब्बा २००४ मध्ये गेले. टाय माझ्याकडं आहे. गेल्या वर्षी माझ्या भाच्याला नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं. मोबाइलवर पाहून तो टाय बांधायला शिकला होता, आणि चांगला बांधत होता. तरी जाताना दारात थांबून म्हणाला, "मामू, नीट आहे का बघा." मी त्याला आत बोलावलं आणि तांबडा टाय खिळ्यावरून काढून त्याच्या हातात दिला. किस्सा त्याला माहीत होता. त्यामुळं तो गाठीला हात लावेना.

मी म्हणालो, "सोड."

"पण मामू, मास्तरांची..."

"म्हणूनच सोड. आम्ही सोळा-सतरा वर्षं न सोडता जपली आणि एका दुपारी घालवून बसलो. सोड आणि बांध."

त्यानं गाठ सोडली. तिसऱ्या खेपेला त्याला ती जमली, दोन्ही बाजूंनी सारखी.